नऊ मार्चची नोंद

१

त्या सकाळी आर्याने एकशे बारा पुस्तकांवर एकच छापील चिठ्ठी चिकटवली होती. 'कै. देवदत्त फाटक यांच्या स्मरणार्थ.' एकशे तेरावं पुस्तक हातात आलं आणि डिंकाची बाटली तिच्या हातून टेबलावर कलंडली.

एप्रिलमधला शनिवार होता. चंडीगढच्या विद्यापीठात 'मैत्री' नावाचं बौद्ध विद्यार्थ्यांचं मंडळ आहे. लडाख, स्पिती, किन्नौरची मुलं, आणि थोडी विदर्भातली. दर शनिवारी दहा मिनिटं मुकाट बसायचं आणि मग कामाला लागायचं, एवढाच त्यांचा नेम. या महिन्याचं काम होतं लोकांनी दान दिलेली पुस्तकं निवडण्याचं. जूनमध्ये रस्ता उघडला की ती स्पितीतल्या एका वसतिगृहाला जायची होती. आर्या बौद्ध नव्हती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, चौथी बदली, कॉलेजचं पहिलं वर्ष. कॅन्टीनमध्ये अहिल्या इंगळेला फोनवर मराठी बोलताना तिने ऐकलं आणि तिचं बोट धरून ती इथवर आली. अहिल्या अमरावतीची, ग्रंथालयशास्त्रात पीएचडी करणारी आणि मंडळाची प्रमुख.

फाटकांची चौदा खोकी बुधवारी टेंपोने आली होती. त्याआधी त्यांची मुलगी इरा हिचा जर्मनीहून मेल आला होता. 'बाबा अकरा जानेवारीला गेले. त्यांची पुस्तकं वाचणाऱ्या हातांत पडावीत.'

फाटक हवामान खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हिरव्या शाईने ते वाचून संपवल्याची तारीख लिहीत, आणि शेजारी त्या दिवसाची हवा. '२२ जून. पारा त्रेचाळीस. लेखकाने नायकाला उगीच मारलं.' '३ ऑगस्ट. सरी. पुस्तक पावसापेक्षा लांबलं.' वाचता वाचता आर्याला हा न पाहिलेला म्हातारा आवडायला लागला होता. चिठ्ठी लावताना 'कै.' या अक्षरावर तिचा अंगठा जरा जास्त वेळ रेंगाळायचा.

एकशे तेरावं पुस्तक डोंगरातल्या पक्ष्यांवरचं होतं, हिंदी. शेवटच्या पानावर तीच हिरवी शाई होती.

'९ मार्च. वाऱ्याने धूळ नेली. खिडकीतून कसौलीचे दिवे स्पष्ट. पुस्तक बरं आहे.'

खाली साल होतं. चालू साल.

आर्याने बोटांवर मोजलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मग पुन्हा मोजलं.

"ताई," ती म्हणाली. "ताई, हा माणूस मेल्यावर दोन महिन्यांनी पुस्तक वाचून संपवतो."

२

अहिल्याने पुस्तक खिडकीपाशी नेलं. खोकी उचलणारा स्टॅनझिन तसाच खोकं पोटाशी धरून उभा राहिला.

"साल चुकलं असेल," आर्या म्हणाली. हे खरं निघावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"चुकतं ना. जानेवारीत आपण सगळेच मागचं साल लिहून बसतो. पण पुढचं साल चुकून कोणी लिहीत नाही." अहिल्याने पहिली पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे इथं पाय. पहिली आवृत्ती, याच वर्षीचा फेब्रुवारी. छापायच्या आधी पुस्तक वाचता येत नाही."

"दुसऱ्या कोणी लिहिलं असेल तर? त्यांच्यासारखं अक्षर काढून?"

"काहून? हे पुस्तक स्पितीला चाललंय. तिथे कोणाला फसवायचं? बकऱ्यांना?" पण ती हसली नाही. तिने दहा पुस्तकं काढून अक्षर ताडून पाहिलं. 'ह'ची शेपटी तशीच आणि स्वल्पविराम तसाच, नको तितका लांब.

मग तिघांनी उरलेली खोकी उपसली. या वर्षाची आणखी एकच नोंद सापडली. '१० जानेवारी. दाट धुकं, तिसरा दिवस. वीस मीटरपुढचं दिसत नाही. एकही विमान उतरलेलं नाही. अजून तीन दिवस असंच.' या पुस्तकावर आर्याने सकाळीच चिठ्ठी लावली होती.

"पोलिसांत जायचं?" स्टॅनझिनने हिंदीत विचारलं.

"जाऊन काय सांगू, पुस्तकात हवा लिहिली आहे म्हणून? आधी मुलीला विचारू. पण आर्या, तिला यातलं काही कळता कामा नये. खात्री नसताना एखाद्याचा मेलेला बाप जिवंत करणं हे पाप आहे."

जर्मनीत तेव्हा सकाळ होती. इराचा आवाज जागरणाने घोगरा झालेला. तिला दीड महिन्याचं बाळ होतं. स्मरणफलकासाठी चार ओळी हव्यात असं अहिल्याने सांगताच ती आपणहून बोलत सुटली. डिसेंबरमध्ये बाबांना अर्धांगाचा हलका झटका आला. ती सातव्या महिन्यात होती, म्हणून तिचा नवरा मयुरेश वीस जानेवारीला येऊन बाबांना कायमचं घेऊन जाणार होता. तिकिटंही काढलेली.

"अकरा तारखेला मी फोन केला आणि आत्याने सांगितलं." ती थांबली. "माझं बीपी इतकं चढलं की मला दवाखान्यात ठेवावं लागलं. विमान तर विसराच. अग्नी माझ्या चुलतभावाने दिला, परीक्षितने. मी काहीच पाहिलं नाही हो. आत्याकडे हार घातलेला फोटो मागते आहे, तोही तिला पाठवायला होत नाही. तिचंही काय चुकलं? आई गेल्यावर तिनेच तर मला वाढवलं."

फोन बंद झाला. आर्याने अहिल्याकडे पाहिलं.

"ही खोटं बोलत नाहीये," ती म्हणाली.

"नाही," अहिल्या म्हणाली. "म्हणूनच मला भीती वाटते आहे."

३

इराच्या सुमन आत्या चंडीगढबाहेर खरडला राहायच्या. सेक्टर अडतीसमधलं भाड्याचं घर सोडून फेब्रुवारीत त्या तिकडच्या एका नव्या इमारतीत गेल्या होत्या, स्वस्त पडतं म्हणून. वय अडुसष्ट, नऊवारी नाही पण पातळ चापूनचोपून नेसलेलं, कपाळ मोकळं. मराठी ऐकताच त्यांनी आर्याचे दोन्ही हात धरले.

"ये गं बाई. इथे मराठी बोलायला भिंती तेवढ्या आहेत."

बैठकीची खोली लहानशी, नीटनेटकी. आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. "आत सामान कोंबलंय. उघडलं की अंगावर येतं," आत्या म्हणाल्या. भिंतीवर देवाची तसबीर आणि एक दिनदर्शिका होती. बाकी भिंत कोरी.

दादाचं नाव निघताच त्यांचे डोळे भरले. ते रडणं खरं होतं, आर्याने शपथेवर सांगितलं असतं. नाक लाल झालं, पदराचं टोक ओलं झालं. पुस्तकांच्या वेडापायी दादा जेवण कसा विसरायचा, ते त्या सांगत राहिल्या.

"शेवटच्या दिवशी फार त्रास झाला का?" अहिल्याने हळू विचारलं.

"नाही. एकदम झालं सगळं." आत्या उठून कपबशा गोळा करू लागल्या. "परीक्षितनेच केलं पुढचं. पुतण्या असला तरी मुलासारखा. त्यालाच विचारा ना. मला ते आठवणं नको वाटतं."

आर्या हवेसाठी बाल्कनीत गेली. खाली महामार्ग, उड्डाणपूल, ट्रकांची रांग. कठड्याच्या एका खांबाला सुतळी बांधलेली होती. तिच्यात वाळलेली कडुलिंबाची डहाळी आणि साखरेची गुलाबी गाठी अडकलेली, तीवर मुंग्या चढलेल्या.

"इथून डोंगर दिसतात का हो आत्या?"

"कुठले डोंगर! इथून ट्रक दिसतात."

आर्याचं मन हलकं झालं. म्हणजे ती नोंद इथली नव्हती. निघताना आत्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "एकटी राहू नकोस हो इतक्या लांब. एकटं राहणं वाईट."

लिफ्टचं दार मिटल्यावर आर्या म्हणाली, "ताई, या बिचाऱ्या बाईला कोणीतरी फसवलंय. हे पक्कं."

अहिल्या आकडे बदलताना पाहत होती. "असेल. नाहीतर या बिचाऱ्या बाईने आपल्याला फसवलंय."

४

खरडहून झिरकपूरला पोचायला दोन तास लागले. एअरपोर्ट रोडवर गाड्या गाड्यांना चिकटल्या होत्या. परीक्षित फाटक मोहालीच्या एका कंपनीत होता आणि राहायला झिरकपूरला, आठव्या मजल्यावर. दार उघडलं तेव्हा आर्याची नजर त्याच्या खांद्यावरून थेट खिडकीवर गेली. समोर निळसर डोंगरांची ओळ होती.

"तो कसौली ना?" तिने विचारलं.

"हां जी. अंधार पडला की दिवे दिसतात. त्याच व्ह्यूसाठी तर फ्लॅट घेतला."

आर्याने अहिल्याची कोपरापाशी ओढणी धरली. आतल्या खोलीचं दार बंद होतं, आणि दारामागे काहीतरी खुडबुडलं. खात्रीने खुडबुडलं.

परीक्षित तिशीतला, गोरा, डोळ्यांखाली काळं. काकांचं नाव घेताच त्याने घड्याळाकडे पाहिलं. "मेरा मतलब, मी काय सांगणार? इराला सगळं माहीत आहे."

"अग्नी तुम्हीच दिलात ना?"

"हो. मी ट्रेनिंगला बंगळूरला होतो. आत्याचा फोन आला, मिळेल त्या विमानाने आलो. बारा तारखेच्या दुपारी सगळं… आटोपलं."

अहिल्याने पिशवीतून पुस्तक काढून शेवटचं पान त्याच्यापुढे धरलं. "तुमच्या काकांचं अक्षर ओळखता?"

त्याने वाचलं. दाट धुकं, तिसरा दिवस. एकही विमान उतरलेलं नाही. अजून तीन दिवस असंच.

"हवामान खात्यातला माणूस," अहिल्या म्हणाली. "पण मी तेवढ्यावर नाही थांबले. येताना गाडीत जुनी वर्तमानपत्रं पाहिली फोनवर. त्यांचा अंदाज बरोबर होता. अकरा, बारा, तेरा, विमानतळावर एक विमान उतरलं नाही. तुम्ही कशावर बसून आलात?"

परीक्षितचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. तो मटकन खुर्चीत बसला.

"नाही आलो मी," तो म्हणाला. "दिल्लीला उतरून बसने येता आलं असतं. पण आत्या म्हणाली, नको, विजेच्या दाहिनीत सगळं उरकलं. म्हणाली, इराला सांग तूच अग्नी दिलास, तिला तेवढंच समाधान. मी म्हटलं, ठीक आहे. काकांनी मला शिकवलं, यार! आणि मी ट्रेनिंग नाही सोडलं." तो हाताच्या पंजात बोलत होता. "पंधराला आलो तर सेक्टर अडतीसच्या घराला कुलूप. आत्या फोनवर म्हणाली, अस्थी घेऊन हरिद्वारला आहे. मग तिने घर बदललं. मी तिला भेटायलाच गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? टेंपो तेवढा पाठवून दिला पुस्तकांसाठी."

"आत कोण आहे?" आर्याच्या तोंडून निघून गेलं.

त्याने गोंधळून दार उघडलं. आत कपडे धुण्याचं यंत्र शेवटचा गरका घेत थरथरत होतं. बाकी खोली मोकळी.

अहिल्याने दुसरं पुस्तक उघडून दाखवलं. नऊ मार्चची नोंद परीक्षितने दोनदा वाचली. मग तो खुर्चीवरून घसरून जमिनीवर बसला आणि तिथूनच वर पाहत म्हणाला,

"म्हणजे काकांना मेलेलं… कोणीच पाहिलेलं नाही?"

५

खरडला परतताना गाडी परीक्षित चालवत होता. अहिल्या मागे आर्याशेजारी बसली होती.

"एक सांग," ती म्हणाली. "आमच्यात नसतं, म्हणून विचारते. तुमच्याकडे घरात कोणी गेलं की सण करतात?"

"वर्षभर नाही करत. आजी गेली तेव्हा आईने दिवाळीत कंदील लावला नाही. पाडव्याला गुढी पण…"

आर्या थांबली. तिच्या डोळ्यांपुढे सुतळी आली, वाळलेला कडुलिंब, गुलाबी गाठी, मुंग्या.

"गुढी उभारली होती त्यांनी," ती पुटपुटली.

"मला वाटलंच, ते त्याचंच असेल. आणि ती नव्या घराच्या बाल्कनीत होती, म्हणजे याच वर्षीची. सख्ख्या भावाला जाऊन अडीच महिने झालेली, पातळ चापून नेसणारी, देवापुढे दिवा लावणारी बाई गुढी उभारेल?"

"कधीच नाही. पण मग रडल्या कशा तशा? ते खोटं नव्हतं, ताई."

"नव्हतंच. पण रडायला माणूस मेलेलाच असावा लागतो असं कुठे आहे?" अहिल्या शांतपणे एकेक सांगत गेली. "मृत्यूची बातमी सगळ्यांना एकाच तोंडून मिळाली. इराला त्यांनी सांगितली, परीक्षितला त्यांनी सांगितली. फोटोला हार घालून पाठवणं त्यांना तीन महिन्यांत जमलं नाही. भिंतीवरही फोटो नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायला हात धजला नाही त्यांचा. आणि गुढी न उभारणं म्हणजे घरात मरण झालं असं देवापुढे कबूल करणं. माणसांशी खोटं बोलल्या त्या. देवाशी बोलवेना."

"पण डोंगर? तिथून डोंगर दिसत नाहीत."

"बैठकीतून दिसत नाहीत. बाल्कनी महामार्गाकडे आहे. बंद खोलीची खिडकी कुठल्या बाजूला उघडत असेल?"

परीक्षितने एकदम ब्रेक दाबला. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले, तरी तो हलला नाही. "आत्याने? आत्याने हे केलं?" तो म्हणत राहिला.

६

दिवेलागणीला ते पोचले. सुमन आत्यांनी दार उघडलं, परीक्षितला पाहिलं, आणि त्यांचा हात कडीवरच राहिला.

अहिल्याने काहीच विचारलं नाही. दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली आणि पक्ष्यांच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. आत्या वाकून वाचू लागल्या. ओठ हलत होते. 'नऊ मार्च'पाशी हलायचे थांबले.

तेवढ्यात बंद दारामागून आवाज आला.

"सुमे, कोण आलंय गं? मघाशीही कोणी होतं. माझा डोळा लागला होता."

परीक्षितच्या घशातून जो आवाज निघाला तो आर्याला पुढे कित्येक दिवस ऐकू येत होता. दार उघडलं. चालायच्या चौकटीवर भार देत, डावा पाय ओढत, उंच, वाळका म्हातारा बाहेर आला. सदऱ्याच्या खिशात हिरव्या टोपणाचं पेन.

"परीक्षित! वाट चुकलास की काय?" मग त्यांना पुस्तक दिसलं. "आणि तुम्ही मैत्रीवाल्या मुली ना? हे इतक्यात परत आणलंत? आवडलं नाही का मुलांना?"

आर्याने भिंत धरली. ज्या माणसावर तिने सकाळी एकशे बारा वेळा 'कै.' चिकटवलं, तो माणूस तिच्याकडे बघून हसत होता.

"खोकी मीच भरली हो, एका हाताने," फाटक म्हणाले. "सुमन म्हणाली विद्यार्थ्यांना हवी आहेत." बोलता बोलता त्यांनी दुसरं पुस्तक उचललं आणि पहिलं पान उघडलं. चिठ्ठी वाचली. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचली.

"हे काय आहे?" त्यांनी बहिणीला विचारलं. आवाजात अजून राग नव्हता. नुसता प्रश्न होता.

सुमन आत्या खाली बसल्या. पाय दुमडून, जेवायला बसावं तशा.

"त्या दिवशी धुकं होतं," त्या म्हणाल्या. "तू गाडीने दवाखान्यात गेला होतास, व्यायामाला. इराचा फोन आला. तिने विचारलं, बाबा कुठे आहेत. मी म्हटलं, दादा गेला. दवाखान्यात गेला, असं म्हणणार होते. 'गेला' एवढंच बोलले आणि ती किंचाळली."

"मग?"

"फोन पडला तिच्या हातून. मी आपली हॅलो हॅलो करत बसले. दहा मिनिटांनी मयुरेशचा आला. म्हणाला, आत्या, खरं आहे का? मी…" त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "वीस तारखेला तू जाणार होतास. एकतीस वर्षं मी तुझ्या घरात आहे. तुझं केलं, वहिनीचं दुखणं काढलं, पोर वाढवली. तिकिटं किती काढायची ते ठरलं, कोणती औषधं न्यायची ते ठरलं. सुमे, तू कुठे जाशील, हे कोणी एकदा विचारलं नाही. मयुरेशने विचारलं खरं आहे का, आणि मी हो म्हटलं."

"मला तू सांगितलंस," फाटक एकेक शब्द तोलत म्हणाले, "इराने तिकीट रद्द केलं. बाळ येणार, आता म्हाताऱ्याचं करायला जमणार नाही, असं म्हणाली. नंबर बदलला."

"हो."

"मी तीन महिने त्या पोरीला मनात शिव्या देतो आहे, सुमे."

"माहीत आहे मला. तू झोपेत बोलायचास ते रोज ऐकत होते ना."

७

इराला फोन अहिल्याने केला नाही. आधी मयुरेशला केला, इराला बसवून ठेव म्हणून बजावलं, बाळ तुझ्याकडे घे म्हणून सांगितलं. मयुरेशला पटवायलाच पाच मिनिटं गेली. मग फोन फाटकांच्या हातात दिला. तिकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

फाटक खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "इरा, आज कमाल तेहतीस. आकाश निरभ्र. वारा नाही."

लहानपणी शाळेत जाताना रोज सकाळी ते तिला हेच सांगायचे, असं परीक्षितने नंतर सांगितलं. तिकडून जे रडणं सुरू झालं ते ऐकवेना म्हणून आर्या जिन्यात येऊन बसली. तिला स्वतःलाच कळेना ती कोणासाठी रडते आहे. बैठकीत सुमन आत्या अजून तशाच जमिनीवर होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

मे महिन्यात इरा बाळाला घेऊन आली. अकरा दिवस राहिली, सेक्टर बावीसच्या एका हॉटेलात, आणि रोज खरडला येऊन बापाच्या खोलीत बसायची. आत्याशी ती एक शब्द बोलली नाही. शेवटच्या दिवशी मात्र बाळाला तिने आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः पाच मिनिटं बाहेर जाऊन लिफ्टच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली. मग येऊन उचलून घेतलं.

तिने बापाला बरोबर चला म्हणून परोपरीने विनवलं. फाटक म्हणाले, "हिवाळ्यात येईन, तीन महिने. कायमचा नाही. तिला एकटं टाकणार नाही मी. आणि तिच्याशी बोलणारही नाही. दोन्ही पक्कं."

तसंच चाललं. आर्या दर शनिवारी मंडळाचं काम आटोपून खरडला जायची, फाटकांना नवी पुस्तकं द्यायची, वाचलेली आणायची. त्या घरात भांडण नव्हतं, आवाज नव्हता. दोघांची ताटं एकाच वेळी वाढली जात, औषधं वेळेवर टेबलावर येत. फक्त बोलणं नव्हतं, आणि दोन महिने झाले तरी ते परतलं नाही.

जुलैतल्या एका शनिवारी फाटकांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. सुमन आत्या समोरच, तीन फुटांवर, शेंगा सोलत बसल्या होत्या. फाटक आर्याकडे वळले.

"तिला सांग, चहात साखर नाही."

आर्याने दोघांकडे पाहिलं. आत्यांचे हात शेंगांवर थांबले होते. दोन महिन्यांत त्यांच्याविषयी फाटकांनी उच्चारलेला हा पहिला शब्द होता.

"आत्या, चहात साखर नाहीये," आर्या म्हणाली.

"त्याला सांग," आत्या मान खाली घालून म्हणाल्या, "डॉक्टरांनी बंद केली आहे."

"काका, डॉक्टरांनी बंद केली आहे."

"तिला सांग, अर्धा चमचा चालतो. मी विचारलंय."

आर्या सांगत राहिली. चहा गार होईपर्यंत ती दोघांच्या मधे बसून इकडचे निरोप तिकडे पोचवत होती.